डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड : उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना धडधडतो. मेकॅनिक चाक एकदा फिरवतो अन् म्हणतो, "डिस्क बेंड हाय भाऊ, बदलूनच टाका." नागपुरात बर्डीपासून हिंगण्यापर्यंत निदान हेच. माझी दीडशे सीसीची गाडी वर्धा रोडवर घसरून पडली, त्यानंतर धडधड तर होतीच, शिवाय सरळ जाताना हँडल डावीकडे वळलेलं दिसायचं. दोन्हींचं औषध एकच कसं, हे पटेना. म्हणून ०.०१ मिमी मोजणारा साधा डायल गेज घेतला, म्हणजे टोक टेकवलेली जागा किती पुढे-मागे होते ते काट्याने दाखवणारी घड्याळासारखी तबकडी. नव्या डिस्कपेक्षा स्वस्त पडला.

पहिली अडचण मॅग्नेटची, कारण गेज धरणारा स्टँड चुंबकाने लोखंडालाच चिकटतो. शॉकअपचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, कॅलिपरही (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) ॲल्युमिनियमचं, मग स्टँड चिकटवायचा कुठे? एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून जाड लोखंडी पट्टी कापून, भोकं पाडून घेतली. कॅलिपर काढायचं, त्याच्याच बोल्टच्या जागी पट्टी कसायची आणि तिच्यावर स्टँड बसवायचा. पट्टी पातळ घेऊ नका, ती लवते आणि काटा खोटं बोलतो. कॅलिपर लटकत असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतो. पोरं हमखास दाबतात.

मापायच्या आधी चाक धरून आडवं हलवून बघा. बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर डिस्कचं माप घेण्यात अर्थ नाही. गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून थोडं आत, भोकं नसलेल्या पट्ट्यावर ठेवायचं. भोकावरून गेलं की काटा उडी मारतो. पाकळीसारखी कड असलेल्या डिस्कवर हे काम वैतागाचं आहे.

माझ्या डिस्कचा आऊट, म्हणजे फिरताना ती आडवी जेवढी डोलते ते माप, आला ०.२२ मिमी. कंपन्यांच्या मर्यादा साधारण ०.१० ते ०.३० मिमी असतात, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. पण गेजची खरी मजा पुढे आहे. सगळ्यात उंच जागेवर डिस्क आणि हब (चाकाचा मधला भाग, ज्यावर डिस्क बसते) दोन्हींवर खूण केली, बोल्ट काढले, डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवली आणि परत मोजलं. उंचवटा डिस्कच्या खुणेबरोबर सरकला तर दोष डिस्कचा, हबच्या खुणेपाशीच राहिला तर हबचा. माझा हबपाशीच राहिला! बैठकीवर एका बोल्टच्या कडेला गंज आणि जुन्या थ्रेडलॉकचा (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) वाळका थर होता. तो घासून साफ केला, बोल्ट थ्रेडलॉक लावून समोरासमोर टप्प्याटप्प्याने कसले, आऊट ०.०७ वर आला. धडधड गेली. डिस्क तीच.

हँडलचं काम गेजचं नाहीच. त्यासाठी काचेच्या दुकानातून जाड काचेचा चौकोनी तुकडा आणला. शॉकअपचे दोन्ही पाइप धरणारे दोन आडवे जोड असतात, त्यांना टी म्हणतात; त्यातल्या खालच्या टीखाली दोन्ही चकचकीत पाइपांवर तो आडवा टेकवला. एक कोपरा डुगडुगला, म्हणजे शॉकअप टीमध्ये पिळले गेलेत. एक्सल (चाकाचा दांडा), मडगार्डचे बोल्ट आणि दोन्ही टीचे बोल्ट ढिले केले, गुडघ्यात चाक धरून हँडल सरळ केलं, काच टेकेपर्यंत. मग आधी टी कसले, नंतर एक्सल; पुढचा ब्रेक धरून शॉकअप तीन-चारदा दाबले, मग मडगार्ड कसलं, आणि एक्सलचा क्लॅम्प असेल तर तो सगळ्यात शेवटी. एवढं करूनही काच डुगडुगत राहिली तर पाइपच वाकलाय. ठोकून सरळ केलेल्या पाइपवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

एक फरक कानानेच कळतो. चाक फिरवताना दर फेरीला एकदा घासत असेल तर संशय डिस्कवर. सतत घासत असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्यात का, पिस्टन अडकलाय का, एक्सल नीट बसलाय का ते बघा. इथे गेजला हातही लावावा लागत नाही.

तक्रारी आहेतच. काट्याची तबकडी लॉक करणारा स्क्रू आता ढिला होऊन राहिलाय. उन्हाळ्यातल्या धुळीत टोकाची दांडी जड चालायला लागली. तिला तेल देऊ नका, धूळ आणखी चिकटते, कोरड्या कापडाने पुसली की पुरते. आणि जाडीतला कमी-जास्तपणा हा गेज दाखवत नाही. लिव्हरच्या धडधडीचं तेही मोठं कारण असतं. त्याला मायक्रोमीटर लागतो. व्हर्नियर झिजलेल्या डिस्कच्या कडेच्या ओठावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. माप त्याखाली गेलं असेल तर आऊट कितीही चांगला येवो, डिस्क बदला.