फॉर्म आला का, हे कोणाला विचारायचं: बटणाला, पोस्टला की सर्व्हरला?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत क्लास, दुकान, सोसायटी यांच्या पीएचपी साइट सांभाळणाऱ्याच्या कानावर एक तक्रार हमखास येते: "फॉर्म भरला, बटण दाबलं, पान तसंच परत आलं." एररही दिसत नाही. अशा वेळी आधी बघायचं ते हे की, फॉर्म आलाय हे आपला कोड ओळखतो तरी कशावरून. त्याच्या तीन पद्धती रूढ आहेत आणि नवा फॉर्म लिहिताना त्यांतली एक निवडावीच लागते.

पहिली पद्धत म्हणजे 'सबमिट' नावाचं बटण पोस्टमध्ये (फॉर्ममधून आलेला डेटा पीएचपी ज्या यादीत, म्हणजे अ‍ॅरेमध्ये, ठेवतं तिथे) आलंय का ते 'इसेट' या फंक्शनने तपासणं. बहुतेकांना हीच शिकवली जाते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात कच्ची. नौपाड्यातल्या एका फराळवाल्या काकूंच्या साइटवर दिवाळीच्या तोंडावर एकेक ऑर्डर दोनदा पडू लागली. म्हणून कोणीतरी जावास्क्रिप्टच्या दोन ओळी घालून फॉर्म जाताजाता बटण डिसेबल केलं. त्या संध्याकाळपासून ऑर्डरी बंद! नाव, पत्ता, चकल्या किती किलो, सगळं सर्व्हरपर्यंत पोचत होतं, पण डिसेबल झालेल्या बटणाची किंमत ब्राउझर पाठवत नाही आणि कोड नेमका त्याचीच वाट बघत होता. जावास्क्रिप्टमधून थेट सबमिट फंक्शन बोलावलं, तरी बटण सोबत जात नाही. एकाच फॉर्मवर 'जतन करा' आणि 'पाठवा' अशी दोन बटणं असतील, तर मात्र कोणतं दाबलं हे बटणालाच विचारावं लागतं.

दुसरी पद्धत: पोस्ट अ‍ॅरे रिकामा आहे का ते पाहणं. बटणावरचं अवलंबन सुटतं, पण फाइल आली की ही फसते. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचा भाडेकरू-नोंदणीचा फॉर्म घ्या. करारनाम्याचे फोनवर काढलेले चार फोटो जोडले की आकार सहज 8 एमबीच्या पुढे जातो आणि पीएचपीच्या 'पोस्ट_मॅक्स_साइझ' या सेटिंगची मूळ मर्यादा तेवढीच आहे. ती ओलांडली की पीएचपी पोस्ट आणि फाइल्स दोन्ही अ‍ॅरे रिकामे देतं. कोडला वाटतं, कोणी काही पाठवलंच नाही.

तिसरी पद्धत सर्व्हर व्हेरिएबलची: 'रिक्वेस्ट_मेथड', म्हणजे ब्राउझरने मागणी पाठवण्याची रीत, पोस्ट (डेटा पाठवण्याची) आहे का, एवढंच विचारायचं. बटण डिसेबल असो, फाइल जड असो, उत्तर पोस्ट असंच येतं. मी हीच निवडतो, कारण बिघाड झाला तर पुढचा तपासही हिच्यापासूनच सुरू होतो. मेथड पोस्ट, अ‍ॅरे रिकामा आणि 'कंटेंट_लेंग्थ' (आलेल्या डेटाचा आकार) मोठी? मर्यादा ओलांडली गेलीय. लेंग्थ छोटी, पण 'कंटेंट_टाइप'मध्ये (डेटाच्या प्रकारात) जेसन? मग डेटा पोस्ट अ‍ॅरेमध्ये येणारच नाही, तो पीएचपी इनपुट स्ट्रीममधून वाचावा लागेल.

फॉर्मवर पोस्ट लिहिलेलं असून मेथड गेट (नुसतं पान मागवण्याची) दिसली, तर बहुधा मध्ये रिडायरेक्ट आहे, म्हणजे सर्व्हर ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर धाडतोय. अ‍ॅक्शनमध्ये (फॉर्म कुठे पाठवायचा ते सांगणारा भाग) जुना एचटीटीपी पत्ता आणि साइट एचटीटीपीएसवर गेलेली, किंवा फोल्डरच्या पत्त्याची शेवटची तिरकी रेघ लिहायची राहिलेली. रिडायरेक्टचा 301 किंवा 302 हा कोड मिळाला की ब्राउझर पोस्टचं गेट करतो आणि डेटा वाटेतच गळतो. 307 आणि 308 हे कोड मेथड राखतात. अ‍ॅक्शनमधला पत्ता दुरुस्त करणं हाच खरा उपाय.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एकाच पानावर लॉगिन आणि चौकशी असे दोन फॉर्म असले, तर कोणता आला हे मेथड सांगत नाही. प्रत्येकात त्या फॉर्मच्या नावाचं एक हिडन (पानावर न दिसणारं) फील्ड ठेवा. वाशीतल्या क्लासचा मोठा गुणतक्ता असेल आणि शेवटच्या मुलांचे गुण गायब होत असतील, तर 'मॅक्स_इनपुट_व्हार्स' पाहा. किती फील्ड स्वीकारायची हे ते सेटिंग ठरवतं आणि तिथे मूळ मर्यादा 1000 आहे.

अ‍ॅक्शनमध्ये काय लिहायचं, हा याला जोडूनच येणारा प्रश्न. चालू पानाचा पत्ता देणारा 'पीएचपी_सेल्फ' हा सर्व्हर व्हेरिएबल तसाच छापू नका: पत्त्यात फाइलच्या नावापुढे कोणी जोडलेला मजकूरही त्यात येतो आणि त्यातून स्क्रिप्ट घुसवता येते. 'स्क्रिप्ट_नेम'मध्ये तो जादा भाग नसतो. त्याच पानावर परत यायचं असेल, तर अ‍ॅक्शन अजिबात न लिहिणं सगळ्यात सोपं. फक्त पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरचा भाग तसाच राहतो, हे ध्यानात असू द्या.

थोडक्यात निवड अशी: साध्या चौकशीच्या फॉर्मला मेथड पुरे, फाइल असेल तर मेथड आणि लेंग्थ, दोन बटणं असतील तर आधी मेथड आणि मग बटण. तपास करताना मेथड, लेंग्थ आणि टाइप या तीनच गोष्टी एरर लॉगमध्ये लिहा. चालू साइटच्या पानावर अख्खा सर्व्हर अ‍ॅरे छापू नका; त्यात सर्व्हरवरचे फोल्डरचे मार्ग आणि कुकीजही दिसतात.