खोक्यावर २४००, टाचेवर १०००

वाफेच्या इस्त्रीच्या खोक्यावर ठसठशीत आकडा: २४००. त्याखाली बारीक अक्षरांत ‘मॅक्स पॉवर’, वॉट हा शब्द कुठेच नाही. खरा आकडा इस्त्रीच्या टाचेवर, काळ्या प्लास्टिकवर काळ्याच अक्षरांत: १००० वॉट. कुणी म्हणेल, वाचायचं होतं ना. कसं वाचणार? खोक्याला सील, आणि सील फोडलं की माल परत नाही.

संताप होतो तो वायरीचा. नमुन्याच्या इस्त्रीची वायर हातातच होती आणि तिच्यावर ३ × ०.७५ असं छापलेलं होतं, म्हणजे आत पाऊण चौरस मिलिमीटरच्या तीन तारा. २३० व्होल्टला २४०० वॉट म्हणजे साधारण साडेदहा अँपिअर. एवढ्या करंटला ही तार बारीकच वाटते. तिथेच शंका यायला हवी होती! पण विकणारा ‘वाफ बघा, वाफ बघा’ करत बटण दाबत होता. लोट सुटला की वायरीकडे कोण बघतं? त्यांचा धंदाच त्यावर चालतो.

तो लोट म्हणजे स्टीम शॉट. पंपाच्या एका दाबात थोडंसं पाणी तापलेल्या तळावर पडतं आणि आधी साठलेली उष्णता खाऊन वाफ होतं. त्यावरून हिशेब करून खोक्यावर ‘१५० ग्रॅम प्रति मिनिट’. लागोपाठ दाबत राहा, तळ निवतो आणि भोकांतून पाणी ठिबकायला लागतं. बघायचा तो सलग वाफेचा आकडा. इथे मिनिटाला ४५ ग्रॅम छापला होता, धडधडीत खोटा. २५ अंशांच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २५७० ज्यूल लागतात. १००० वॉटच्या इस्त्रीने सगळी उष्णता पाण्यालाच दिली, कापडाला काही उरलं नाही, तरी मिनिटाला २३ ग्रॅमच्या वर वाफ निघूच शकत नाही. वॉटला ४३ ने भागा. सलग वाफेचा आकडा त्याहून मोठा असेल तर खोकं जागेवर ठेवा. घरी मोजायचं तर टाकीत १०० मिली पाणी, तळ पूर्ण तापलेला, एक मिनिट सलग वाफ, मग उरलेलं पाणी मापात ओता. या इस्त्रीतून १४ मिली गेलं.

भोकांचीही तीच तऱ्हा. तळ गार असताना टाचणी घालून बघा. ३६ पैकी १६ आरपार, बाकीचे २० नुसते खळगे. ‘सिरॅमिक’ तळाबद्दल तर बोलायलाच नको. चेनच्या पहिल्या ओरखड्याला आतलं ॲल्युमिनियम दिसलं.

आता तक्रार. विक्रेता म्हणतो सील फोडलंत. सर्व्हिस सेंटर म्हणतं पाणी जड आहे, क्षार साचलेत, वॉरंटीत बसत नाही, सफाईचे इस्त्रीच्या किमतीच्या ३० टक्के भरा. अहो, क्षारांनी भोकं बुजतात, २४०० चे १००० वॉट होत नाहीत! आणि पहिल्याच भरणीत कसले क्षार? तक्रार कक्षाच्या फॉर्मवर प्रश्न: उपकरण चालू आहे का? ‘हो’ लिहिलं की शेरा ‘दोष आढळला नाही’, तक्रार निकाली. दुसऱ्या कार्यालयाला वॉटशी देणंघेणं नाही, ते फक्त वजन आणि माप बघतात. तिसऱ्या टेबलावर विचारतात, शॉक बसला का? नाही ना, मग कशाला आलात? म्हणजे माणूस चिकटल्यावरच कागद हलणार. खोक्यावरचं खोटं तपासणं नेमकं कुणाचं काम, ते एकानेही सांगितलं नाही. प्रत्येकाने पावतीची झेरॉक्स मात्र ठेवून घेतली.

पुरावा हवा असेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून गार इस्त्री लावा आणि मीटरचा लुकलुकणारा दिवा पहिलं मिनिटभर मोजा. इस्त्रीचा दिवा तोवर विझता कामा नये. विझला तर थर्मोस्टॅटने वीज तोडली, ते मोजमाप बाद. मीटरवर युनिटला ३२०० पल्स लिहिलं असेल तर २४०० वॉटला मिनिटात १२८ लुकलुक हव्यात. इथे ५३ झाल्या. व्हिडिओत टाचेवरचं लेबलही घ्या. आणि पैसे देण्याआधी बिलावर वॉट लिहून मागा. ‘मॉडेल नंबर पुरे’ असं उत्तर आलं की सरळ बाहेर पडा.