खोक्यावर १९६८, खोक्यात १९६९

मागच्या महिन्यात नागपुरातल्या बर्डीच्या एका दुकानातून डॉज चार्जर आर/टी या जुन्या अमेरिकन गाडीचं मॉडेल घेतलं. १:१८ मापाची, म्हणजे जवळजवळ फूटभर लांब, धातूची, लालभडक. ५,८०० रुपये पडले. घरी ८०० सांगितलेत. आमच्याकडे हे कोणी वाचत नाही, म्हणून इथे खरा आकडा.

खोक्यावर १९६८ छापलंय. दुकानातच गाडी मागून पाहिली अन् शंका आली. १९६८ च्या चार्जरला मागे दोन-दोन गोल दिवे. हिला आडवे, लांबट. पुढची जाळी पाहिली तर मधोमध उभी पट्टी. दोन्ही खुणा १९६९ च्या. दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो, "काका, इतकं कोण पायते जी? गाडी तं तेच हाय नं!" मला ६९ चीच हवी होती, म्हणून गप्प बसलो.

माझी एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे गाडी कोणतीही असो, आधी बॉनेट. आत ४२६ हेमी इंजिन. हा आकडा क्युबिक इंचांचा, आपल्या हिशेबाने ७ लिटर. हेमीच्या हेडमधली जळणाची जागा अर्ध्या गोलासारखी असते. त्यामुळे मोठाले व्हॉल्व्ह समोरासमोर तिरपे बसतात अन् प्लग टॅपेट कव्हरमधूनच खाली उतरतो. मॉडेलवाल्याने हे नेमकं पकडलंय. नारिंगी ब्लॉक, काळी खरखरीत कव्हरं, प्रत्येकातून प्लगच्या चार वायरी. भिंग लावून मोजल्या, आठच्या आठ आहेत आणि पुढच्या डिस्ट्रिब्युटरपर्यंत (प्लगांना वीज वाटणारा डबा) खरोखर पोचतात. एअर क्लीनर उचलला की खाली एकामागे एक दोन कार्बोरेटर. इथेच माझे पैसे वसूल झाले.

कंपनीचा आकडा ४२५ हॉर्सपॉवर. तो सायलेन्सर वगैरे न जोडता नुसतं इंजिन बेंचवर चालवून मोजलेला. १९७२ पासून मोजायची पद्धत बदलली तसे सगळ्यांचेच आकडे उतरले. पण थोडे कमी धरले तरी बघा, आमच्या काळची एसटी पन्नास माणसं अन् टपावरची पोती दीडशेच्या आतच ओढायची.

१९६४ त पाँटियॅकने मधल्या आकाराच्या टेंपेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ इंजिन बसवून जीटीओ काढली, तिथून या मसल गाड्यांचं, म्हणजे मध्यम गाडीत दांडगं इंजिन घातलेल्या गाड्यांचं, पेव फुटलं. मग विम्याचे हप्ते चढले, धुराचे नियम आले आणि १९७१ नंतर हेमी बंदच. एवढ्याशा संसारातल्या ज्या गाड्या उरल्या, त्यांच्यामागे तिकडचे शौकीन लागलेत. त्यातही गाडीपेक्षा नंबराला भाव जास्त. खऱ्या चार्जरचा चेसिस नंबर डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल असा. त्यातलं पाचवं अक्षर 'जे' असलं तर कंपनीतूनच हेमी बसून आली, 'एल' असलं तर ४४० मॅग्नम हे दुसरं इंजिन. ब्लॉकवर ठोकलेला नंबर याच्याशी जुळला की मालक खूश. आपल्याकडे आरटीओच्या कामाला चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, त्याच जातीचं हे काम. मीही टॉर्च घेऊन डॅशबोर्ड पाहिला. नंबराच्या जागी नुसती पांढरी रेघ! ५,८०० घेता अन् एक 'जे' छापायला जड जातं?

पुढचे दिवे जाळीतल्या झाकणांमागे लपलेले, नखाने उघडायचे. डावं झाकण एकदा उघडलं ते पुन्हा मिटेना. गाडी शोकेसमधून डोळा मारत असते. खऱ्या गाडीत ही झाकणं व्हॅक्यूमवर चालायची आणि होज गळाली की अशीच अर्धवट राहायची, त्यामुळे मी रागावू की कौतुक करू, कळेना.

टायरांची तक्रार मात्र खरी. शोकेस पश्चिमेच्या खिडकीजवळ आहे. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पंधरा दिवसांत रबर पाझरलं आणि काचेवर चार काळे चिकट ठसे. रॉकेलने पुसले, पण अजून बोट लावलं तर लागतात. आता गाडीच्या पोटाखाली लाकडाचे दोन ठोकळे दिलेत, चाकं अधांतरी. नातू रोज विचारतो, "आबा, पंक्चर झाली का?"

परवा डावं झाकण दाखवायला दुकानात गेलो. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरा नग काढून दिला, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. झाकणं दोन्ही झकास मिटत होती. बॉनेट उघडून वायरी मोजल्या तर सातच. मी आपली जुनीच खोक्यात घालून परत आणली.