इम्पल्स बाईक मॉडिफाय करायला दिली आणि इंजिनच बदलून आलं, नाशिककरांनी वाचा

जुनी गाडी कस्टम बनवायला देणार असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की ठेवा. लबाड गॅरेजवाला बिलात फसवत नाही, बिल तर तो स्वस्तच सांगतो. तो कमावतो तुमच्या गाडीवरून जे काढतो त्यात.

माझी गाडी हिरो इम्पल्स, २०१२ चं मॉडेल, एमएच १५ पासिंग. मामांनी घोटीला शेतावर जायला-यायला वापरलेली आणि नंतर माझ्या नावावर ट्रान्सफर झालेली. ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी, होंडापासून वेगळं झाल्यावर हिरोने २०११ ला काढली होती, १४९.२ सीसी सिंगल सिलिंडर, पुढे १९ इंची चाक, मागे १७, मागे मोनोशॉक, रस्त्यावरही चालणार आणि कच्च्यातही. तेव्हा फार लोकांनी घेतली नाही आणि पुढे कंपनीने बंदच केली. आता तिचे ओरिजिनल पार्ट शोधायला गेलं की नाकी नऊ येतात. मीटर, मागचा शॉकअप, टाकीच्या बाजूचं प्लास्टिक, एअर फिल्टरचा डबा, काहीच सहज मिळत नाही, आणि चालू इंजिन तर विसराच. म्हणजे या गाडीवरून उतरवलेल्या प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक आहे, पण मालकाला सांगताना मात्र "दादा हे सगळं भंगारच आहे, काय करणार घरी नेऊन" असं सांगतात. माझ्याशी हेच झालं.

मला हवी होती साधी स्क्रॅम्बलर, म्हणजे कच्च्यातही चालेल अशा जुन्या धाटणीची बाईक. छोटी सीट, गोल एलईडी हेडलाइट, रुंद हँडल, बटण टायर, थोडा वर घेतलेला सायलेन्सर. सगळं नटबोल्टवर बसेल आणि परत काढता येईल असं. चेसिसला कटर लावायचा नाही हे मी तोंडी तर सांगितलंच पण व्हॉट्सॲपवर लिहून त्याचा "ओके दादा" पण घेतला, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत होतं, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलंय. गॅरेजचं नाव मी इथे घेत नाही, तक्रार चालू आहे. शहराच्या बाहेरच्या अंगाला आहे एवढं पुरे. माणूस बोलायला एकदम गोड, शेडमध्ये दोन-तीन तयार गाड्या चकाचक उभ्या, पासष्ट हजारात सगळं करून देतो म्हणाला आणि चाळीस हजार ॲडव्हान्स यूपीआयने घेतला.

पहिली शंका आली ती फोटोवरून. गाडीची मागची बाजू उघडी केलेला फोटो पाठवला, त्यात चेसिसला दोन्ही बाजूंनी शॉकअपचे माउंटिंग. इम्पल्सला मागे एकच शॉकअप आहे, मधोमध. मग हा फोटो कोणाच्या गाडीचा? विचारलं तर म्हणे पोराने चुकून दुसरा पाठवला. मग बरेच दिवस दिल्लीहून, करोल बागवरून पार्ट यायचेत हेच ऐकत होतो. आणि मग एक दिवस फोन, "दादा इंजिन उघडलं, बोअर पार गेलाय, पिस्टन किट टाकावं लागेल, अजून अठरा हजार लागतील."

गाडी दिली तेव्हा इंजिन पहिल्या किकला चालू होत होतं, धूर नाही, ऑइल खात नव्हती. मी म्हणालो जुना पिस्टन दाखवा, मला घरी न्यायचाय. त्याने काळा पडलेला, बाजूने ओरखडे गेलेला एक पिस्टन फडक्यात गुंडाळून दिला आणि बघा म्हणाला काय हालत झाली होती. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, माप घ्यायचा व्हर्नियर रोज हातात असतो. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मोजला, स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाला, पन्नास एमएमच्या जरा आत भरला. परत झिरो करून मोजला, तेच. इम्पल्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७.३ एमएम आहे. सात एमएम झिजून कमी झालेला पिस्टन सिलिंडरमध्ये चालतच नाही हो, तो नुसता खडखडत राहील. ५० एमएम बोअर असतो स्प्लेंडरचा, ९७.२ सीसीचा. म्हणजे त्याने भंगारातला स्प्लेंडरचा पिस्टन माझ्या हातात ठेवला होता आणि त्यावर माझ्याकडून अठरा हजार मागत होता.

त्याच संध्याकाळी मित्राला घेऊन गेलो. गाडी जवळजवळ तयार उभी होती, दिसायला खरंच छान, मॅट काळी. आरसी बरोबर नेली होती. क्रँककेसवरच्या, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या डब्यावरच्या, नंबरवर मुद्दाम ग्रीस आणि माती थापल्यासारखी दिसली, मित्राने तारेचा ब्रश आणि रॉकेलने घासला, मी मोबाईलची बॅटरी धरली आणि एकेक अक्षर आरसीशी लावत गेलो. चेसिस नंबर बरोबर, इंजिन नंबर वेगळा, नुसता शेवटचा आकडा नाही, सुरुवातीपासूनच वेगळा. हिरोच्या १४९.२ सीसीच्या दुसऱ्या गाड्यांपैकी कशाचं तरी इंजिन बसवलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला कळणारही नाही. माझं इंजिन कुठे आहे विचारल्यावर आधी हेच आहे म्हणाला, मग कामाला बाहेर दिलंय म्हणाला, मग आवाज चढला.

रंगाचं पण सांगतो कारण हे कोणालाही तपासता येतं. अंबडमधून पावडर कोटिंग, म्हणजे पावडर लावून भट्टीत भाजलेला रंग, करून आणलं म्हणून त्याने बिलात वेगळे पैसे लावले होते. सीटखाली न दिसणाऱ्या जागी थिनरचं फडकं दाबून फिरवलं तर फडकं काळं झालं. नीट भाजलेलं पावडर कोटिंग असं एका पुसण्यात फडक्यावर उतरत नाही, हा नुसता स्प्रे. अजून घासल्यावर खालून पिवळट पुट्टी निघाली. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० डिग्रीला असते, त्यात ही पुट्टी तगतच नाही, म्हणजे गाडी भट्टीत गेलीच नव्हती. पुट्टी नखाने उकरली तर खाली वेल्डिंगचा जोड, त्यात बारीक भोकंच भोकं. मागची चेसिस कापून आखूड केली होती, आणि मी लिहून नाही म्हटलं होतं! याच जोडावर मागे बसणाऱ्याचं सगळं वजन येतं. कसारा घाटात बायको मागे बसलेली असताना तो तुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून अजून राग येतो मला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण अशी माणसं याच्यावरच टिकून आहेत. तक्रार करतो म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "करा ना, मॉडिफाय केलेली गाडी तुमची, आरटीओ आधी तुमचीच जप्त करेल." आणि कायदा खरंच मालकाला धरतो, कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे लोक गप्प बसतात, इंजिन गेलं तरी गाडी घेऊन निघून जातात. पण गप्प बसलं तर पुढे जास्त अडकाल. पंधरा वर्षांनी री-पासिंगला पेठ रोडला आरटीओत गाडी नेली की इंजिन नंबर, चेसिस नंबर बघतात, माझी वेळ २०२७ ला आहे. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले नंबर जुळत नाही म्हणून क्लेम अडवणार. आणि बसवलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

मी व्हॉट्सॲपचं सगळं बोलणं, यूपीआयच्या पावत्या, गाडी देताना काढलेले फोटो, त्यात इंजिन नंबरचा जवळून काढलेला फोटो होता तो सगळ्यात कामाला आला, आणि तो पिस्टन, असं सगळं घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आणि विश्वासाने दिलेली वस्तू लाटली त्याला ३१६ आहे, अर्जात दोन्ही लिहा, तोंडी सांगून येऊ नका आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. ग्राहक आयोगात पण ऑनलाइन तक्रार टाकली, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आधी विचारायचं असेल तर १९१५ वर फोन लागतो. पोलिसांनी बोलावल्यावर त्याने पंधरा हजार परत केले आणि बाकीचं बघू म्हणाला. गाडी छोट्या हत्तीत घालून घरी आणली, चालवत नाही, त्या जोडावर माझा भरवसा नाही.

ज्यांच्या गाड्या आत्ता कोणाच्या शेडमध्ये उघडून पडल्यात त्यांनी उद्याच जाऊन उतरवलेला एकूण एक पार्ट घरी आणा, गोणीत भरून आणा, जागा नसेल तर गच्चीवर ठेवा, पण तिथे ठेवू नका. इंजिन नंबर स्वतः घासून बघा. जो तुमचं जुनं सामान द्यायला टाळाटाळ करतो त्याला पुढचा हप्ता देऊ नका.

आणि एक विनंती. नाशिक, सिन्नर, ओझर या भागात कोणी एवढ्यात इम्पल्सचं सुटं इंजिन विकत घेतलं असेल आणि त्याचं पक्कं बिल मिळालं नसेल, तर क्रँककेसवरचा नंबर बघून मला कळवा. तुमच्यावर काही येऊ देणार नाही, तुम्हीही फसलेलेच असाल. माझ्याकडे आरसी आहे, फोटो आहे, तक्रारीची पोच आहे, आणि मला माझं इंजिन परत पाहिजे.