बाळाच्या नावांचे ॲप आणि आमची आद्या

भावाच्या मुलीचे नाव ठेवण्याचा मान आत्या म्हणून माझा होता, त्यामुळे बारशाच्या तयारीत मी बाळाच्या नावांचे एक ॲप वर्षाची वर्गणी भरून घेतले. जन्मवेळ भरताच त्याने कृत्तिका नक्षत्राचे पहिले चरण आणि अवकहडा चक्राप्रमाणे (नक्षत्राच्या चरणावरून नावाचे पहिले अक्षर ठरवणाऱ्या तक्त्याप्रमाणे) ‘अ’ हे अक्षर बिनचूक सांगितले. आवडलेली नावे निवडून घरच्यांना पाठवण्याची सोयही चांगली आहे.

खोट आहे ती नावांच्या लेखनात आणि त्यांच्या अर्थांत. आमच्या मनात ‘आद्या’ हे नाव होते. ॲपमध्ये ते ‘आध्या’ असे सापडले आणि खाली अर्थ मात्र ‘पहिली शक्ती, दुर्गा’ असा, म्हणजे ‘आद्या’चाच दिलेला होता. ‘आदि’ म्हणजे आरंभ, त्यावरून ‘आद्य’ आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘आद्या’. आदिशक्तीला आणि दशमहाविद्यांत, म्हणजे देवीच्या दहा रूपांत, पहिल्या असलेल्या कालीला हे नाव आहे. ‘ॐ नमो जी आद्या’ या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत तो शब्द परमात्म्याला उद्देशून, ‘आद्य’चे संबोधन म्हणून आला आहे. मराठी घराला इतका जवळचा हा दाखला, पण ॲपमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

‘आद्या’चे ‘आध्या’ झाले ते बहुधा इंग्रजी लेखनावरून. इंग्रजी ‘डी’ हे अक्षर ‘द’ आणि ‘ड’ या दोन्हींसाठी चालते. म्हणून ‘द’ स्पष्ट व्हावा यासाठी काही जण, विशेषतः दक्षिणेत, पुढे ‘एच’ जोडतात, जसे ‘गीता’मधल्या ‘त’साठी ‘टीएच’ लिहितात. हे नव्या धर्तीचे लेखन देवनागरीत परत आणताना तो ‘एच’ जसाच्या तसा धरला, की ‘द’चा ‘ध’ होतो आणि मुलीचे नावच बदलते. ॲपमधला उच्चारही ‘आध्या’ असाच ऐकू येतो. पाळण्यावर लावायची कार्डपेपरची अक्षरे वहिनीने त्यावरूनच कापली होती. आदल्या रात्री ‘ध्या’ काढून ‘द्या’ पुन्हा कापावा लागला.

चूक कळवली, तेव्हा ‘नोंद घेतली आहे’ असे उत्तर आले. तीन आठवड्यांनंतरही नाव तसेच आहे. अक्षर काढायला आणि नावे सुचायला हे ॲप घ्यावे, पण अर्थासाठी आणि लेखनासाठी चांगला संस्कृत-मराठी शब्दकोशच उघडावा. जन्मनोंदणीत बाळाचे नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. आम्ही देवनागरीत ‘आद्या’ आणि इंग्रजीत ‘एच’ वगळून नाव लिहून दिले.