अक्षर नसलेले पुस्तक : ख्रिस्ती विश्वासाची साक्ष देणाऱ्यांसाठीच्या एका साधनाचे परीक्षण

मुठीत मावणाऱ्या या पुस्तिकेत एकही अक्षर छापलेले नाही. सोनेरी, काळे, लाल आणि पांढरे पान व हिरवे मुखपृष्ठ एवढाच तिचा ऐवज आहे. ती हाती घेणाऱ्याने एकेका रंगाच्या आधारे देवाचे प्रेम, मनुष्याचे पाप, ख्रिस्ताचे रक्त, पापक्षमा आणि विश्वासातील वाढ यांविषयी समोरच्याला सांगावे, अशी अपेक्षा असते. सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या तारणाचा संदेश, सांगणे हे केवळ पाळकांचे (चर्चच्या धर्मगुरूंचे) काम नसून प्रत्येक विश्वासणाऱ्याची जबाबदारी आहे, हे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वारंवार ऐकवले जाते; परंतु ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची इच्छा असूनही सुरुवात कुठून करावी हे त्यांना सुचत नाही. त्या अडचणीत ही पुस्तिका कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने मी ती पाहिली.

या कल्पनेचा उगम लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांच्या १८६६ मधील प्रवचनाशी जोडला जातो. धुतल्यावर बर्फाहून शुभ्र होण्याची जी विनवणी बायबलमधील ५१व्या स्तोत्रात आहे, तिच्यावर बोलताना त्यांनी काळे, लाल आणि पांढरे अशा तीनच पानांच्या पुस्तकाचा दाखला दिला होता. पुढे १८७५ मध्ये अमेरिकन सुवार्तिक ड्वाइट मूडी यांनी स्वर्गासाठी सोनेरी पान जोडले आणि हिरवा रंग त्यानंतर आला. आता मात्र सोनेरी पानापासून आरंभ करण्याची पद्धत रूढ आहे, आणि हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पापापासून बोलणे सुरू करणारा माणूस नकळत न्यायाधीशाच्या जागी जाऊन बसतो, तर देवाच्या प्रेमापासून सुरू करणारा ऐकणाऱ्याच्या शेजारी राहतो.

छापील पत्रक हाती देऊन पुढे निघून जाता येते. येथे तशी सोय नाही. पानावर काहीच लिहिलेले नसल्यामुळे साक्ष देणाऱ्याला स्वतःच्याच शब्दांत बोलावे लागते, आणि माझ्या मते हेच या साधनाचे खरे बळ आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील, येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाकडे परूश्यांच्या (यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या) सगळ्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. आपण पूर्वी आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढेच त्याने ठामपणे सांगितले. नवख्या विश्वासणाऱ्याला तेवढे धैर्य ही पुस्तिका देऊ शकते.

मोठी उणीव पुनरुत्थानाची आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौल सुवार्तेचा गाभा सांगतो, तेव्हा ख्रिस्ताचे मरण, पुरले जाणे आणि तिसऱ्या दिवशी उठणे या गोष्टी तो एकत्र मांडतो. येथे मात्र लाल पान वधस्तंभापाशी थांबते आणि रिकाम्या कबरेसाठी वेगळा रंगच नाही. अनुभवी शिक्षक ती गोष्ट लाल पानावरच पूर्ण करतो, पण केवळ रंगांच्या आधाराने चालणारा ती सहज विसरतो. काळ्या पानाबाबतही सावध राहावे, कारण लहान मूल त्या रंगाचा संबंध माणसांच्या त्वचेशी जोडू शकते. त्याला ‘अंधाराचे पान’ म्हणणे अधिक बरे.

रंगांचा ठरलेला क्रम बोलणाऱ्याला शेवटच्या पानाकडे ओढत नेतो, आणि त्या ओढीत ऐकणे राहून जाते. पेत्राच्या पहिल्या पत्रातील सूचना अशी आहे की, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे. विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी (शोमरोन प्रांतातील) स्त्रीशी बोलताना येशूने प्रथम पाणी मागितले आणि तिच्या प्रश्नांना संभाषणात पुरेशी जागा दिली. मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. पालकांची परवानगी असलीच पाहिजे. शिवाय मोठ्यांना खूश करण्यासाठी मुले कशालाही होकार देतात, तेव्हा शेवटच्या पानानंतर म्हटलेल्या प्रार्थनेवरून विश्वासाची गणती करू नये.

याच रंगांच्या मण्यांचे मनगटबंदही मिळतात. प्रौढांमध्ये वावरणाऱ्यांसाठी मी पुस्तिकेपेक्षा त्यांना अधिक गुण देईन, कारण ते पाहून समोरचाच विचारतो आणि संभाषण त्याच्या इच्छेने सुरू होते. संडे स्कूलच्या (चर्चमधील मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या) शिक्षकांनी पुस्तिका जरूर वापरावी, पण ती विकत घेण्याची गरज नाही; रंगीत कागद कापून मुलांबरोबरच ती तयार करता येते, आणि तसे करताना पुनरुत्थानासाठी आणखी एक पान घालायलाही कोणाची हरकत नसावी.