जुन्या बाजारातला हस्क्वर्ना 61: सरपणासाठी घ्यावा का?

मुळशीकडच्या आमच्या शेतघरात आंघोळीचे पाणी अजूनही तांब्याच्या बंबात तापते. वळवाच्या वादळात बांधावरच्या दोन म्हाताऱ्या बाभळी आडव्या झाल्या आणि वर्षभराच्या सरपणाची सोय दारातच झाली. मात्र वाळलेली बाभूळ कुऱ्हाडीने फोडणे एक आणि तिचे आडवे तुकडे पाडणे वेगळे, हे दोन दिवसांत उमगले. म्हणून रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो आणि हस्क्वर्ना कंपनीचा 61 हा 61.5 सीसीचा जुना चेनसॉ साडेपाच हजारांना घेऊन आलो. चार महिने वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

विक्रेत्याने दोरी ओढून इंजिन फटफटवून दाखवले, पण ती परीक्षा नव्हे. मी सोबत पाने घेऊन गेलो होतो. त्याच्या परवानगीने सायलेन्सर सोडवला आणि धूर बाहेर पडण्याच्या छिद्रातून मोबाइलच्या उजेडात पिस्टन पाहिला. कारखान्यात पडलेल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत होत्या आणि उभा ओरखडा एकही नव्हता, म्हणजे हे इंजिन तेलाविना कधी जाम झालेले नव्हते. मग यंत्र दोरीच्या मुठीला धरून लोंबकळत ठेवले. ते झटक्याने खाली न येता अडखळत, टप्प्याटप्प्याने उतरले, तेव्हा कॉम्प्रेशनही ठीक असल्याची खात्री पटली. बाकी सारे बदलता येते. सिलिंडर आणि पिस्टन गेले असतील, तर स्वस्तात मिळालेले यंत्रही महागच पडते. त्याच पथारीवर श्टिलचा 070 होता, 106 सीसीचा दणकट गडी, परंतु त्याला चेन ब्रेक, म्हणजे यंत्र उसळताच चेन थांबवणारा दांडा, नाही. चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र क्षणात तोंडाकडे उसळते, आणि ओंडक्यांच्या ढिगात हे हमखास घडते. त्यामुळे मोह आवरला. 61 चा ब्रेक हाताने पुढे ढकलून आणि मागे ओढून तिथेच तपासला.

दुरुस्तीचा खर्च मुख्यतः रबरी वस्तूंवर झाला. पेट्रोलची नळी इतकी कडक झाली होती की हातात घेताच तिचा तुकडा पडला. टाकीत राहिलेले इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून आता काम संपले की टाकी रिकामी करून ठेवतो. कार्बोरेटरला तरंगता गोळा नसतो, पातळ पडदे असतात, आणि क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतल्या, दाबाच्या चढउतारावर ते पेट्रोल ओढतात. त्यामुळेच यंत्र आडवे-तिरपे धरले तरी चालते. पण क्रँकचे ऑइल सील गळू लागले की हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि यंत्र कुशीवर वळवताच आपोआप भुंग्यासारखे घोंघावत पळू लागते. आमच्या यंत्राचे हेच झाले होते. जुने सील मापाला देऊन नाना पेठेतून नवे आणले आणि कार्बोरेटरचे पडदेही बदलले.

सील बसवले ते चेतक-ल्यूनावर हात बसलेल्या एका मिस्त्रींनी. त्यांचे काम स्वच्छ, पण जुळणीत आमची जुंपली. स्कूटरच्या सवयीने त्यांनी कार्बोरेटरचा एच स्क्रू (भर वेगात पेट्रोल किती जावे ते ठरवणारा; आवळला की ते कमी होते) आवळत नेला आणि आवाज सुरेल, टणक झाल्यावर म्हणाले, “काका, आता बघा कसा पळतोय!” चेनसॉच्या बाबतीत तोच आवाज धोक्याचा आहे, कारण हे इंजिन मिनिटाला बारा हजारांच्या घरात फिरते आणि त्याचे वंगण पेट्रोलमधूनच येते. लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आवाज किंचित फाटका, बुडबुडल्यासारखा यायला हवा आणि दात लाकडात बसताच तो साफ व्हायला हवा. आम्ही एच आणि मंद वेगाचा एल असे दोन्ही स्क्रू बंद करून एकेक फेरा उघडले आणि तिथून पुढे बाभळीच्या ओंडक्यावरच जुळवले. तेल मी लिटरला 40 मिली घालतो. थोडा धूर होतो, चालेल.

चेनच्या बाबतीत मात्र फसलो. दुकानदाराने पट्टीची लांबी तेवढी विचारून चेन दिली. पंधरा इंची पट्टीला तीन-अष्टमांश इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचे माप), 56 कड्यांची चेन लागते, आणि तशीच ती होती. परंतु पट्टीची खाच 1.5 मिमीची आणि चेनची जाडी 1.3 मिमी निघाली. चेन खाचेत डुलायची आणि काप केळ्यासारखा वाकडा जायचा. ती बदलून मिळाली नाही. पिच, जाडी आणि कड्यांची संख्या ही तीनही मापे कागदावर लिहून न्यावीत. दुसरी चेन बरोबर मिळाली. तिला बोहरी आळीतली 5.5 मिमीची गोल कानस लावतो, प्रत्येक दाताला तीन ओढ, एकाच दिशेने. भुशाऐवजी पीठ पडू लागले की धार गेली असे समजावे. बाभूळ ही वेळ फार लवकर आणते.

यंत्र आणि दुरुस्ती मिळून साडेनऊ हजार रुपये गेले, त्यात वाया गेलेली चेनही आली. एवढ्या पैशांत मांडीएवढा ओंडका पाव मिनिटात सरळ कापणारे यंत्र हाती आले, याचे समाधान आहे. वजन पट्टीसह सात किलोंच्या वर भरते आणि तासाभराने मनगट बोलू लागते, तेव्हा फांद्या छाटण्यासाठी हा घेऊ नये. कानस धरण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी तर कोणताच चेनसॉ घेऊ नये. एक दोष अजून गेलेला नाही: उभा ठेवला की रात्रभरात चेनचे तेल गळते. त्याच्याखाली आम्ही श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवतो आणि सकाळी ते तेल परत टाकीत ओततो.